सात किलोचं वेटेड ब्लँकेट साताऱ्यात चालतं का? वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना सविस्तर वाचायचंय ते वाचतील. पाचपैकी साडेतीन स्टार. झोप लागायला मदत होते, अंगातली चुळबुळ थांबते हे खरंय, पण झोपेचे तास काही फार वाढत नाहीत, आणि एप्रिल-मे मध्ये हे अंगावर घेऊन झोपणं साताऱ्यातसुद्धा शक्य नाही, मग बाकीच्यांचं काय बोलायचं. धुण्याचा वेगळाच ताप आहे, त्यावर खाली लिहिलंय, बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचा.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दिसायला साधी रजईच, पण आत कापूस किंवा फायबर अगदी नावाला, बारीक बारीक चौकोनी कप्पे शिवलेले आणि प्रत्येक कप्प्यात काचेचे मणी भरलेले, जेमतेम एक मिलिमीटरचे. कप्पे नसते तर सगळे मणी पायाशी जाऊन गोळा झाले असते. स्वस्तातल्या ब्लँकेटमध्ये काचेच्या जागी प्लास्टिकचे दाणे असतात, ते आकाराने मोठे असल्यामुळे ब्लँकेट जाड होतं, गरम होतं आणि कूस बदलली की सळसळ आवाज येतो, त्यामुळे घेताना आत काय भरलंय ते पहिलं बघा, फोटोतला रंग नंतर. वजनं साधारण ५, ७ आणि ९ किलो अशी मिळतात. मला ७ किलोचं, कव्हर धरून, चार हजाराच्या थोडं आत पडलं.

मी टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात कामाला. रिटर्नच्या सीझनला रात्री अंथरुणावर पडलं की डोक्यात क्लायंटचे फॉर्म सोळा फिरत असतात, पाय हलत राहतात, उशी उलटी कर, पंखा एकने कमी कर, पाणी पिऊन ये, परत पड, असं एक-दीड वाजेपर्यंत चालतं. एकदा लागली की मग सकाळपर्यंत लागते, माझा प्रॉब्लेम लागण्याचाच आहे. हे मुद्दाम सांगते कारण ज्यांना मध्यरात्री तीनला जाग येते आणि परत झोप येत नाही त्यांना माझ्या अनुभवाचा किती उपयोग होईल शंका आहे.

ऑनलाइन न बघता वस्तू घ्यायला मला आवडत नाही म्हणून आधी खण आळीत आणि राजपथावर दुकानं पालथी घातली. 'वजनदार ब्लँकेट' म्हणल्यावर सगळीकडे मिंक ब्लँकेट समोर टाकलं, डबल प्लाय, आणि ते विकतातही किलोवर, "ताई हे साडेपाच किलोचं बघा, काश्मीरला चालतंय." वजन बरोबर आहे हो, पण ते सगळं वजन लोकरीसारख्या जाड कापडाचं, अंगावर घेतलं की दहा मिनिटांत घाम. मण्यांचा फायदा हाच की कमी जाडीत जास्त वजन बसतं. तशी वस्तू मला इथल्या दुकानांत दिसली नाही, शेवटी ऑनलाइनच मागवलं.

मागवण्याआधी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा, फुकट आहे. घरात आजेसासूबाईंच्या हातची वाकळ आहे, जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक घालून दोरा घातलेली. बॅग मोजायचा हुकाचा काटा असतो ना, त्याला अडकवून मोजली, तीन किलोच्या जरा वर भरली. तिच्यावर दुसरी वाकळ टाकली की साडेसहाच्या आसपास. अशा दोन वाकळा घेऊन काही रात्री झोपून बघितलं. गरम झालं, पण वजनाने जीव घाबरत नाही, उलट बरं वाटतं, एवढं कळलं. माझ्या बहिणीने असंच करून बघितलं तर तिला पाच मिनिटांत गुदमरल्यासारखं वाटायला लागलं. म्हणजे चार हजार रुपये घालायच्या आधी आपण कुठल्या गटात ते घरातल्या घरात समजतं.

आता "मग वाकळच वापर की" असं सगळ्यांनीच सांगून झालंय. व्हॉट्सॲपवर तर फिरतंच असतं, आपल्या आज्यांना हे सगळं आधीच माहीत होतं वगैरे. मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगते, एक वाकळ तीन किलोची, तेवढ्या वजनाने तो दाब जाणवत नाही, आणि दोन घेतल्या तर पुण्यातल्या जानेवारीतसुद्धा उकडेल. आजीने वाकळ थंडीसाठी शिवली होती आणि त्या कामाला ती आजही एक नंबर आहे. घोंगडीचंही तेच. आमच्या सासूबाई माणदेशातल्या, त्यांचा घोंगडीवर फार जीव, दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, पावसात डोक्यावर घेऊन शेतात गेलं तरी आत पाणी येत नाही म्हणतात, पण टोचतेही तेवढीच आणि वजनाला काहीच नाही. पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते उचलायला बघितलं आणि परत खाली ठेवलं. "आगं ह्ये पांघरूण हाय का शिमिटाचं पोतं? आन् ह्येला पैसं दिलंस?" आजही घरी कुणी आलं की त्या पाहुण्यांना ते उचलून बघायला लावतात.

वजन किती घ्यायचं यावर सगळीकडे एकच वाक्य मिळतं, आपल्या वजनाच्या दहा टक्के. अंदाजाचा नियम आहे तो, फार मनावर घेऊ नका. मी साठ किलोच्या आत-बाहेर, नियमाने सहाचं हवं, सहा मिळत नव्हतं, दोन वाकळांचा अनुभव होता म्हणून सात घेतलं. त्यापेक्षा महत्त्वाचं सांगते, साइज. डबल बेडचं घेऊ नका. तेच सात किलो मोठ्या कापडावर पसरलं की अंगावर येतं निम्मं, बाकीचं गादीवर लोळतं, आणि कडा पलंगाखाली लोंबायला लागल्या की रात्रीतून सगळं सरकत सरकत खाली. सिंगल साइज, आपल्या अंगाएवढं. नवरा-बायको दोघांत एक ही तर कल्पनाच सोडा.

घेतल्यावर नेमकं काय होतं? सुरुवातीचे काही दिवस विचित्र वाटतं, कूस बदलायची तर आधी ब्लँकेट ढकलायला लागतं, आणि खांद्यावर घेतलं तर मान अवघडते. मी छातीपर्यंत घेते, हात बाहेर. मग हळूहळू असं व्हायला लागलं की पाय हलायचे थांबले. म्हणजे हलवावेसे वाटले तरी सात किलो ढकलून कोण हलवणार, असा आळस येतो, आणि त्या आळसातच झोप लागते. डोक्यातले फॉर्म सोळा पूर्णपणे जात नाहीत हं, पण अंग एका जागी पडून राहिलं की डोकंही जरा वेळाने नाद सोडतं. एक-दीडच्या जागी साडेबारा-पाऊणच्या आसपास झोप लागायला लागली. सकाळी उठायची वेळ तीच, फ्रेशपणात फार फरक पडला असं म्हणणार नाही. मोबाइल उशाशी घेऊन पडलं तर मात्र ब्लँकेट काही करत नाही, दोन्ही हात बाहेर असल्यामुळे उलट मोबाइल बघायला सोयीचं पडतं.

जाहिरातीत जे लिहितात ना, ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याचं हार्मोन) वाढतं, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) कमी होतं, मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) वाढतं, त्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून थोडं वाचलं. याची सुरुवात झोपेसाठी झालेलीच नाही. टेम्पल ग्रँडिन म्हणून अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक (स्वमग्न). त्यांनी मावशीच्या रँचवर बघितलं की लस टोचताना गुरांना खोड्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरलं की काही गुरं शांत होतात (आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात असतो तोच खोडा), त्यावरून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसं दाब देणारं यंत्र बनवलं, पुढे १९९२ मध्ये त्यावर पेपरही लिहिला. सगळ्या अंगावर सारखा दाब आला की माणूस निवांत होतो असा तो विचार, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट लोक ऑटिस्टिक मुलांसोबत वजनाचे जॅकेट, मांडीवरचे पॅड असं वापरतात. झोपेसाठी घरोघरी ही वस्तू गेली ती अलीकडे, २०१७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करून ब्लँकेट काढलं आणि त्याला ४७ लाख डॉलर जमले, तिथून सगळ्यांनीच बनवायला सुरुवात केली.

अभ्यास म्हणाल तर सगळ्यात जास्त दाखवला जातो तो स्वीडनचा, कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटवाल्यांचा, २०२० चा. १२० माणसं, चार आठवडे. निम्म्यांना ८ किलोचं ब्लँकेट (जड वाटलं तर ६), निम्म्यांना दिसायला तसंच पण दीड किलोचं. जड ब्लँकेटवाल्यांपैकी ५९ टक्के लोकांचा निद्रानाशाचा स्कोअर निम्म्यावर किंवा त्याखाली आला, हलक्यावाल्यांत जेमतेम ५ टक्के. आकडा जबरदस्त आहे आणि कंपन्या तोच छापतात. छापत नाहीत ते असं की ही सगळी माणसं डिप्रेशन, बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा अँग्झायटीचे पेशंट होती, आणि त्या ब्लँकेटमध्ये काचेचे मणी नव्हतेच, धातूच्या साखळ्या होत्या. शिवाय आपल्या अंगावर आठ किलो आहे का दीड किलो हे झोपणाऱ्याला न कळायला तो काय दगड आहे? त्यामुळे मनाचा भाग किती आणि वजनाचा किती हे वेगळं काढणं अवघड.

दुसरा अभ्यासही स्वीडनचाच, उप्साला विद्यापीठाचा, २०२२ चा. २६ तरुण मुलंमुली, झोपेची काही तक्रार नसलेली. जड ब्लँकेट घेतल्यावर झोपायच्या आधीच्या तासाभरात लाळेतलं मेलाटोनिन हलक्यापेक्षा साधारण ३० टक्के जास्त वाढलं. बरं. पण झोपेचे तास तेवढेच, कॉर्टिसॉलमध्ये फरक नाही, ऑक्सिटोसिनमध्येही नाही. म्हणजे जाहिरातीतल्या तीन गोष्टींपैकी दोन तिथेच गळाल्या. आणि २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये ६७ ऑटिस्टिक मुलांवर बघितलं तर मुलं जास्त वेळ झोपली नाहीत, पण मुलांना आणि आईवडिलांना जड ब्लँकेटच जास्त आवडलं. मला हा निकाल सगळ्यात पटला. माझंही तेच झालंय, घड्याळात फरक अर्ध्या-पाऊण तासाचा आणि तोही लागण्याच्या वेळेत, पण ब्लँकेट नसलं की चुकल्यासारखं वाटतं.

आणि एक लक्षात घ्या, हे सगळे प्रयोग थंड देशातले आहेत. आपल्याकडचं सांगते. पावसाळ्यात साताऱ्यात मस्त, खिडकीतून कासकडचा गार वारा आणि अंगावर सात किलो, यासारखं सुख नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतही उत्तम. होळी झाली की संपलं. मार्चमध्ये मी फक्त कंबरेखाली घ्यायचे, एप्रिलपासून पायावर आडवं टाकते, तेही पंखा फुल असताना, आणि लाइट गेली की पहिली लाथ त्याला. पायावरचं वजनसुद्धा बऱ्यापैकी काम करतं, चुळबूळ पायांचीच असते ना.

गरम होण्यात निम्मा दोष कव्हरचा असतो. सोबत जे कव्हर आलं ते मऊ मखमली टाइप, हात लावायला छान, झोपायला भट्टी. शाहूपुरीतल्या एका टेलरताईंकडून सुती कापडाचं शिवून घेतलं, कापड आणि शिलाई मिळून सहाशे-साडेसहाशे. त्यांना सांगा की कव्हरच्या आतून कोपऱ्यांना आणि मधे बाजूंना नाड्या लावा, ब्लँकेटला त्याच जागी लूप असतात, दोन्ही बांधायचं, नाहीतर आतलं ब्लँकेट एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि रात्री रिकामं कव्हर अंगावर. कंपनीच्या कव्हरला नाड्या चारच होत्या, मी आठ लावून घेतल्या, तेव्हापासून सरकलं नाही.

आता धुणं. ब्लँकेटच्या लेबलवर लिहिलंय 'मशीन वॉशेबल'. आपल्या घरातली मशीन साडेसहा-सात किलोची, ते वजन कोरड्या कपड्यांचं असतं, आणि ब्लँकेटच कोरडं सात किलो, त्यात पाणी प्यायलं की काय होईल? ड्रमचा बेअरिंग जाईल. मशीनचा विचारही करू नका. लाँड्रीवाल्याने हातात घेऊन "वहिनी हे आपल्याकडं नको" म्हणून परत दिलं, त्याचंही बरोबर आहे. म्हणून कव्हर काढता येणारंच घ्या आणि कव्हर धूत राहा, आतलं ब्लँकेट डाग पडला तर तेवढ्यापुरतं ओल्या फडक्याने पुसायचं. वर्षातून एकदा धुवायचंच असेल तर कडक ऊन असताना, टबात, दोघांनी धरून, पिळायचं नाही. आणि दोरीवर टाकायचं नाही! सगळे मणी खाली ओढ देतात आणि शिवण उसवते. गच्चीवर चटई टाकून आडवं पसरायचं, मधे मधे उलटायचं, आमच्याकडे एप्रिलच्या उन्हातही सकाळचं टाकलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलं. जून ते सप्टेंबर तर हातच लावू नका, साताऱ्याच्या पावसात साधे टॉवेल वाळत नाहीत. दमट हवेने कुबट वास येतोच, तेव्हा मी कव्हर काढून दोन खुर्च्यांच्या पाठीवर सपाट अंथरते आणि पंख्याखाली ठेवते.

शिवणीचं सांगायचं राहिलं. थंडीच्या सुरुवातीला एकदा सकाळी फरशी झाडताना सुपलीत काहीतरी चकचकीत दिसलं. आधी वाटलं बांगडी फुटली. मग बघितलं तर पलंगाच्या पायाशी बारीक मण्यांची रांग, आणि ब्लँकेटच्या कडेच्या एका कप्प्याची शिवण बोटभर उसवलेली. असे मणी फरशीवर फार वाईट, पाय सटकतो, आणि झाडूने गोळा करायला गेलं की पसरतात, शेवटी ओल्या फडक्याने टिपून काढले. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपलीय आणि शिवण वॉरंटीत येत नाही. तो कप्पा नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवला, मग कडेचे सगळे कप्पे तपासून आणखी दोन ठिकाणी टाके घातले. चार हजाराच्या वस्तूला ही शिलाई शोभत नाही, दीड स्टार कापला त्यातला एक याचा. तुम्ही घेतलं तर आल्या आल्या कडेच्या शिवणी उजेडात धरून बघा आणि रिटर्नची मुदत असतानाच काय ते ठरवा.

घरात लहान मूल असेल तर हे जरा गांभीर्याने घ्या. बाळांना वजनाचं काहीही घालायचं नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्याच वर्षी तिथे मुलांच्या वेटेड ब्लँकेटची दोन लाखांवर नग परत मागवले, कारण कव्हरच्या चेनमधून आत शिरून दोन लहान मुलींचा जीव गेला होता. नियम साधा आहे, ज्याला स्वतःच्या हाताने ते अंगावरून काढता येत नाही त्याच्या अंगावर ते घालायचं नाही. यात लहान मुलं आली तशी थकलेली म्हातारी माणसंही आली. सासूबाईंनी थंडीत एकदा "माझ्या गुडघ्यावर टाक जरा" म्हणून मागितलं, मी दिलं नाही, वाकळ दिली.

आमच्या ह्यांनाही हवं होतं. ते घोरतात, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून जोरात घेतात. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले आधी स्लीप स्टडी करून घ्या, स्लीप अ‍ॅप्निया असेल तर छातीवर वजन अजिबात नको. दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), पायातल्या रक्ताभिसरणाचा त्रास असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि महिनोन्‌महिने झोपच नाही अशी अवस्था असेल तर ब्लँकेट शोधत बसू नका, त्यासाठी सीबीटी-आय म्हणून झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा पद्धतशीर उपचार आहे, गोळ्यांच्या आधी तो करा असं अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१६ पासून सांगितलंय, चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांना त्याबद्दल विचारा.

बाकी बहिणीचं, जिला वाकळांखाली गुदमरलं होतं ती. मिरजेत असते. माझ्याकडे डिसेंबरमध्ये राहायला आली तेव्हा हेच ब्लँकेट फक्त पायावर घेऊन झोपली आणि तिला ते जमलं, आता तिलाही पाहिजे. तिला म्हणलं ५ किलोचं घे, सिंगल, कव्हर सुती, आणि आत्ता मे महिन्यात मागवू नकोस, मिरजेत पारा चाळिशीला टेकलाय, तू ते अंगावरसुद्धा घेणार नाहीस आणि बघता बघता रिटर्नची मुदत निघून जाईल, दिवाळीनंतर मागव. तर म्हणते, "मग तोवर तुझं दे की, तुझं तर पडूनच आहे." टॅक्स रिटर्नचा सीझन तोंडावर आलाय, देत नाही म्हणलं.